आधी शास्त्री, मग बिशप : पंडिता रमाबाई दोघांनाही नडल्या

गोष्ट आहे १८८५ सालची. इंग्लंडमध्ये चेल्टनहॅम नावाचं गाव आहे. तिथल्या मुलींच्या नामांकित कॉलेजात सत्तावीस वर्षांची एक मराठी विधवा संस्कृत शिकवत होती आणि फावल्या वेळात स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकत होती. बाईंचं ज्ञान बघून कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांच्या मनात आलं की, हिने तरुण पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवायला काय हरकत आहे?

हरकत निघाली. तीही थेट हिंदुस्थानातून, चर्चच्या सर्वात वरच्या पायरीवरून. मुंबईचे बिशप लुई जॉर्ज मिल्न आणि लाहोरचे बिशप थॉमस व्हॅल्पी फ्रेंच या दोघांचंही मत पडलं की, हे अजिबात होता कामा नये. एका हिंदू विधवेने तरुण पुरुषांना शिकवलं असं तिच्या देशात कळलं, तर तिची तिथली पत कायमची जाईल, असा त्यांचा दावा होता.

पत्रं लिहिली गेली, उत्तरं आली, निर्णयही झाला. जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं, तिला मात्र आधी कुणी विचारलंच नाही.

ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना भेटतो ते शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशन यामुळे. त्यांनी धर्म बदलला म्हणून पुण्यात केवढा गहजब झाला, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ज्या धर्मात त्या गेल्या, तिथल्या मोठ्या लोकांशी त्यांनी दोनेक वर्षं जो झगडा केला, तो मराठीत फारसा सांगितला जात नाही. हिंदू बाजूला तो अडचणीचा, कारण रमाबाई एवढं होऊनही ख्रिस्तीच राहिल्या. आणि चर्चच्या बाजूला तो अडचणीचा का, ते पुढे कळेलच.

पण त्याआधी रमाबाई कुठून आल्या होत्या ते बघायला हवं.

अनंतशास्त्री डोंगरे हे त्यांचे वडील. शास्त्री मोठे विद्वान, पण एका बाबतीत हट्टी. बायकांनी संस्कृत शिकायचं नाही हा नियम त्यांना पटत नव्हता. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. त्यावरून धर्मपंडितांचा रोष झाला आणि शास्त्रीबोवा पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले. तिथे १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब पुराण सांगत तीर्थक्षेत्रं पायी हिंडू लागलं. लहानग्या रमेला आईने पाठांतर करून घेतलं. हजारो श्लोक तिच्या जिभेवर होते.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या आसपास आई, वडील आणि मोठी बहीण एकामागून एक गेले. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीतापाशी चालत राहिले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या शास्त्र्यांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. आता लक्षात घ्या, ही परीक्षा घेणारे सगळे पुरुष होते आणि समोर बसून ऐकणारेही पुरुषच होते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या सुरुवातीला मेधावी कॉलऱ्याने गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, कडेवर तान्ही मुलगी आणि मागे घर म्हणावं असं काही नाही.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि स्त्री शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. पुण्यात त्यांची ओळख अँग्लिकन पंथाच्या काही नन्सशी झाली. इंग्लंडमधल्या वाँटेज इथल्या कॉन्व्हेंटची ती शाखा होती. डॉक्टर व्हायचं म्हणून रमाबाईंनी इंग्लंडला जायचं ठरवलं. पुस्तकाच्या पैशातून प्रवासखर्च काढला. वाँटेजला राहायचं, त्या बदल्यात हिंदुस्थानात येणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायची, असं ठरलं. म्हणजे त्या कुणाच्या उपकारावर गेल्या नव्हत्या, निदान त्यांच्या मनात तरी तसं नव्हतं. सिस्टर्सच्या मनात काय होतं, तो पुढच्या भांडणाचा भाग आहे.

एप्रिल १८८३ मध्ये त्या निघाल्या. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत. वाँटेजला पोचल्यावर काही महिन्यांतच आनंदीबाईंनी आत्महत्या केली. परक्या देशात, ओळखीचं एकुलतं एक माणूस असं गेलं. या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात आरोप झाला की बाईला फसवलं, भुलवलं. रमाबाईंनी स्वतः नंतर जे सांगितलं ते वेगळं होतं. लंडनमध्ये फुलहॅमला याच सिस्टर्सचं एक काम चाललं होतं. समाजाने वाऱ्यावर सोडलेल्या, बदनाम ठरवलेल्या बायकांना तिथे आसरा दिला जायचा. अशा बायकांशी कुणी मायेने वागतं, हे रमाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. त्यांना ख्रिस्ताकडे नेलं ते या दृश्याने. वाद झाला तो नंतर, ख्रिस्ताच्या वतीने बोलणाऱ्या माणसांशी.

बहिरेपणामुळे डॉक्टर होण्याचा बेत मोडला. मग १८८४ मध्ये चेल्टनहॅमचं कॉलेज, आणि तिथून पुढे बिशपांची ती पत्रं.

इथे थोडं थांबून बिशप म्हणजे काय चीज होती ते समजून घेऊ.

चर्च ऑफ इंग्लंड हे सरकारी चर्च. त्याची प्रमुख म्हणजे खुद्द राणी. बिशप नेमायचे ते पंतप्रधानांच्या सल्ल्याने राजसत्तेने. त्यातले २६ बिशप थेट हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसून कायदे करायचे. हिंदुस्थानातले बिशपही लंडनहूनच नेमून यायचे. कलकत्त्याची गादी १८१४ ची, मुंबईची १८३७ ची, लाहोरची १८७७ ची. मुंबईच्या बिशपांचा पगार निघायचा सरकारी तिजोरीतून, म्हणजे शेतसारा भरणाऱ्या हिंदू-मुसलमान शेतकऱ्याच्या खिशातून. पण त्या शेतकऱ्याचं सोडा, मुंबई इलाख्यातल्या देशी ख्रिस्ती माणसालाही आपला बिशप कोण असावा हे सांगायचा अधिकार नव्हता. तो चुकला तर जाब विचारायची सोय नव्हती, काढून टाकणं तर लांबच. अँग्लिकन चर्चला पहिला हिंदुस्थानी बिशप मिळाला तो १९१२ मध्ये, दोर्नकलचे व्ही. एस. अझरिया. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पहिल्या स्त्री बिशपसाठी २०१५ साल उजाडावं लागलं.

त्यात वाँटेजच्या सिस्टर्स हाय चर्च या विचाराच्या. या विचारात बिशपचा अधिकार येशूच्या शिष्यांपासून एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवत अखंड चालत आलेला मानतात. म्हणजे बिशपचं मत हे नुसतं एका अनुभवी गृहस्थाचं मत राहत नाही. त्याच्याशी वाद घालणं हे जवळपास देवाशी वाद घालण्यासारखं होतं. एखादी सामान्य भाविक बाई असा वाद घालत नसे. एका काळ्या देशातून आलेली, नुकता बाप्तिस्मा घेतलेली, कॉन्व्हेंटच्या अन्नावर जगणारी विधवा तो घालील, हे तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

रमाबाईंनी तो घातला.

मे १८८५ मधल्या त्यांच्या पत्रांत संताप आहे आणि नेमका युक्तिवादही आहे. माझ्या आईने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवलं तेव्हा माझ्या वडिलांची हरकत नव्हती, मी शिकवलं तेव्हा माझ्या नवऱ्याची नव्हती, मग ती काही इंग्रज मंडळींची का असावी, असा त्यांचा साधा प्रश्न होता. आणि तो बिनतोड होता. हिंदुस्थानी लोकांना काय चालेल नि काय चालणार नाही हे बिशप सांगत होते, आणि तेही अशा बाईला, जिने कलकत्त्याच्या शास्त्र्यांपुढे संस्कृतात परीक्षा दिली होती, गावोगाव पुरुषांनी भरलेल्या सभांमध्ये भाषणं केली होती, सरकारी कमिशनपुढे साक्ष दिली होती. तिची पत जायची असती तर केव्हाच गेली असती.

खरं तर बिशपांचं म्हणणं हिंदुस्थानाबद्दल कमी आणि व्हिक्टोरियन इंग्लंडबद्दल जास्त सांगणारं होतं. बायकांनी पुरुषांना शिकवावं का, ही शंका त्यांच्या घरातली होती. ती त्यांनी हिंदुस्थानच्या नावावर खपवली.

पण शिकवण्याचा मुद्दा लवकरच मागे पडला. कारण सिस्टर जेराल्डिन मध्ये आल्या.

जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. मनोरमेच्या नात्याने रमाबाई त्यांना आजीबाई म्हणायच्या. दोघींचा एकमेकींवर जीव होता, यात शंका घेण्यासारखं काही नाही. आयुष्यभर पत्रं लिहीत राहिल्या त्या. पण जेराल्डिनना वाटायचं की रमाबाईंना गर्व झालाय. चर्चने ज्यांना तुझ्यावर नेमलंय त्यांचं ऐकणं हे तुझं कर्तव्य आहे, स्वतःचं डोकं चालवणं हा अहंकार आहे, असा त्यांचा सूर होता.

रमाबाईंचं उत्तर त्या सगळ्या पत्रव्यवहारातलं सर्वात गाजलेलं आहे. मला माझी विवेकबुद्धी आहे, माझं मन आहे, बरं-वाईट ठरवायची माझी कुवत आहे आणि देवाने ती मला वापरायला दिली आहे, असा त्याचा आशय. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या मुश्किलीने मानेवरून उतरवलं आहे, आता तसलंच दुसरं जोखड मी चढवून घेणार नाही, हेही त्यांनी स्वच्छ कळवलं. धर्मगुरूच्या तोंडून आलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे देवाची आज्ञा, हे त्यांना मान्य नव्हतं.

हे वाक्य किती लागलं असेल याची कल्पना करून बघा. आपण हिला अज्ञानातून बाहेर काढलं अशी ज्यांची समजूत होती, त्यांची तुलना रमाबाईंनी थेट पुण्या-काशीच्या भटजींशी केली होती.

आणि गंमत बघा, त्याच १८८५ मध्ये इकडे पुण्यात जोतीराव फुले सत्सारमधून रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेत होते. शास्त्रं वाचलेल्या बाईने शास्त्र्यांचा धर्म सोडला, यात फुल्यांना नवल वाटत नव्हतं. तिकडे तीच बाई बिशपांना काय सुनावत होती, हे फुल्यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांना आनंदच झाला असता.

वाद किती बारीकसारीक गोष्टींपर्यंत गेला, हेही बघण्यासारखं आहे.

एक गोष्ट क्रूसाची. सिस्टर्स जो क्रूस वापरत त्यावर लॅटिन शब्द कोरलेले असत. रमाबाईंना क्रूस घालायला अडचण नव्हती. पण अक्षरं लॅटिन का? ती भाषा मला येत नाही, माझ्या देशातल्या माणसांना येत नाही, मग लॅटिनमध्ये असं काय पवित्र आहे जे आमच्या जुन्या संस्कृतात नाही, असं त्यांनी विचारलं. ज्या बाईच्या आईला संस्कृत शिकली म्हणून समाजाने बाहेर टाकलं होतं, तिने हे विचारावं याला एक वेगळंच वजन आहे. मूठभरांना कळणारी भाषा देवाच्या नावाने वापरली की काय होतं, हे तिला पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट ताटातली. रमाबाई मांस, मासे, अंडी खात नसत. अंडं घातलेलं पुडिंगही नाही. जेराल्डिनना यात जातीचा पीळ दिसला. ख्रिस्ती झालीस तर हे कशाला? रमाबाईंनी आपलं जेवण काही बदललं नाही. ख्रिस्ती होणं म्हणजे इंग्रज होणं, ही अट त्यांनी कधी मान्य केली नव्हती.

तिसरी गोष्ट मात्र बारीक नव्हती. ती होती श्रद्धेची. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हा त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंना त्या वेळी पटत नव्हता. न पटणाऱ्या गोष्टीला होकार द्यायला त्या तयार नव्हत्या. बाप्तिस्मा घेताना मी ख्रिस्ताला स्वीकारलं, चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक नियमावर सही केलेली नाही, अशी त्यांची भूमिका होती. इंग्लंडमध्ये येऊन त्यांनी पाहिलं तर ख्रिस्ती लोकांत ढीगभर पंथ. प्रत्येकाचं म्हणणं, आमचंच खरं. पंथापंथांची भांडणं हिंदुस्थानात त्यांनी पोटभर बघितली होती, इथे तेच नव्याने.

त्यांना समजावण्यासाठी नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोऱ्हे यांनी लांबलचक पत्रं लिहिली. गोऱ्हे हे स्वतः काशीचे विद्वान ब्राह्मण, ख्रिस्ती होऊन धर्मगुरू झालेले. रमाबाईंना त्यांच्याबद्दल अतिशय आदर होता. पण आदर वेगळा आणि पटणं वेगळं.

या सगळ्यात एकच व्यक्ती रमाबाईंशी बरोबरीच्या नात्याने बोलली, त्या म्हणजे प्राचार्य बील. स्वतः बीलबाई श्रद्धेच्या बाबतीत शंकाकुशंकांच्या काळातून गेल्या होत्या. रमाबाईंच्या प्रश्नांना त्यांनी उत्तरं दिली, गप्प बस असं म्हटलं नाही. नुसता हुकूम सोडून ही बाई ऐकणार नाही, तिच्याशी विचारानेच बोलावं लागेल, असं त्यांनी सिस्टर्सनाही समजावलं. बीलबाई चर्चच्या उतरंडीत कुठेच नव्हत्या, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

शेवटी प्रश्न आला मनोरमेचा. मुलीला कोणत्या वयात काय शिकवायचं, हे आई म्हणून मी ठरवणार, असं रमाबाईंचं म्हणणं. बाप्तिस्मा झालेलं मूल चर्चच्या शिकवणीतच वाढलं पाहिजे, असं जेराल्डिनचं. चार वर्षांच्या पोरीवरून दोन्हीकडून ताण वाढला. इतका वेळ तत्त्वाचा वाटणारा वाद इथे एकदम हाडामासाचा होतो. कारण रमाबाईंकडे पैसा नव्हता, घर नव्हतं, परत जायला माणसं नव्हती. वाँटेजच्या मर्जीबाहेर गेलं तर खायचं काय, हा प्रश्न खरा होता. तोंड बंद ठेवलं असतं तर सगळी सोय होती.

फेब्रुवारी १८८६ मध्ये त्या मनोरमेला घेऊन अमेरिकेच्या बोटीत बसल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदानाचं. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांचं आमंत्रण होतं. आल्या होत्या थोड्या दिवसांसाठी, राहिल्या अडीच वर्षांहून जास्त.

अमेरिकेत त्यांना सरकारी चर्च नाही हे दिसलं. वेगवेगळ्या पंथांची माणसं एका टेबलाशी बसून शाळा चालवतात, बायका संस्था काढतात, हिशेब छापतात, हे दिसलं. १८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्याच वर्षाच्या शेवटी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या पंथाचे. सोबत इतर पंथांचेही लोक. दहा वर्षं पैसा पुरवायचं ठरलं, शाळेत धर्मप्रचार होणार नाही अशी अट घातली गेली, आणि दरवर्षी अहवाल छापून द्यायचा असंही ठरलं. वाँटेजमध्ये रमाबाईंना हुकूम मिळत होते. बॉस्टनने त्यांच्याकडे हिशेब मागितला, आणि तो द्यायला त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. आता दोन्हीकडून मार. पुणेकर म्हणत, बाई मुलींना बाटवणार. काही मिशनरी म्हणत, ही बाई ख्रिस्ती असून शाळेत बायबल शिकवत नाही म्हणजे काय?

आणि इथे रमाबाईंची स्वतःचीच परीक्षा झाली. सदनाला एक सल्लागार मंडळ होतं. त्यात न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण भांडारकर अशी भली माणसं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. मंडळाचं म्हणणं पडलं की हे ठरलेल्या अटीत बसत नाही. रमाबाई म्हणाल्या, माझ्या खोलीचं दार मी बंद करणार नाही. १८९३ मध्ये मंडळाने राजीनामा दिला, वर्तमानपत्रांत जाहीर केलं आणि पालकांनी मुली काढून नेल्या.

रानड्यांचा आक्षेप अगदीच हवेतला होता असं म्हणता येणार नाही. लहान, निराधार मुलींवर त्यांना सांभाळणाऱ्या बाईच्या श्रद्धेचा परिणाम होणारच. पुढे केडगावला तर तो झालाच. पण एक फरक आहे. इथे प्रश्न उघड विचारला गेला, विचारणाऱ्यांची नावं सगळ्यांना माहीत होती आणि किंमतही चारचौघांत चुकवावी लागली. बॉस्टनच्या मंडळींनीही आपलं माणूस पाठवून चौकशी केली.

१८९६ च्या दुष्काळानंतर रमाबाई मध्य प्रांतातून आणि नंतर गुजरातेतून शेकडो मुली उचलून केडगावला घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास मुक्तीमध्ये दोन हजारांच्या आसपास मुली-बायका राहत होत्या. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींची शाळा असं सगळं तिथे होतं. प्रार्थनामंदिरही होतं. बिशप मात्र नव्हता. मुक्ती कुठल्याच एका पंथाचं नव्हतं. याची दुसरी बाजूही आहे. त्या आवारात शेवटचा शब्द रमाबाईंचा असायचा आणि ज्या मुलींवर तो चालायचा त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. १९०५ मध्ये तिथे मोठी धार्मिक जागृती झाली, रात्रंदिवस प्रार्थना, रडणं, अंगात आल्यासारखं होणं. तेव्हा बाहेरच्यांनी, ख्रिस्ती लोकांनीही प्रश्न विचारले. वाँटेजमधली ती सत्तावीस वर्षांची मुलगी मुक्तीत असती तर तिने काय विचारलं असतं, असं वाटून जातं.

त्यांची स्वतःची श्रद्धाही तोवर बदलली होती. तरुणपणी न पटलेला येशूचा ईश्वरीपणा त्यांनी पुढे मनापासून स्वीकारला. फक्त ते बिशपांच्या सांगण्यावरून झालं नाही, त्यांच्या त्यांच्या वाटेने झालं. चर्चच्या मोठ्यांशी खटके उडालेले त्या काही एकट्या नव्हत्या. अहमदनगरचे रेव्हरंड नारायण वामन टिळकही १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार काढायला बाहेर पडले. पण रमाबाईंनी हे तीस वर्षं आधी, परक्या देशात, पदरात मूल असताना केलं होतं.

आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी एकाच कामात घातली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर. मराठीत बायबल आधीपासून होतं, पण त्याची भाषा त्यांना जड, पंडिती वाटायची. खेड्यातून आलेल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला ती कळत नसे. रमाबाईंनी साधे शब्द घेतले. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच मुली. लॅटिन क्रूसावरून विचारलेला प्रश्न त्या विसरल्या नव्हत्या, असंच म्हणायचं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पुढे चर्च ऑफ इंग्लंडने आपल्या दिनदर्शिकेत त्यांच्या स्मरणासाठी ३० एप्रिल हा दिवस नेमला. १९८९ मध्ये भारत सरकारने तिकीट काढलं.

राहिली ती पत्रं. ती वाचली याचं श्रेय सिस्टर जेराल्डिनना. म्हातारपणी त्यांनी रमाबाईंची, बीलबाईंची, बिशपांची सगळी पत्रं गोळा केली, नीट लावली आणि जागोजाग आपल्या टिपा लिहिल्या. गुणी पण हट्टी लेकरू कसं वाट चुकत होतं, हे त्यांना त्यातून दाखवायचं होतं. तो गठ्ठा कित्येक वर्षं तसाच पडून होता. १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो छापला. बिशप मिल्न यांना आज मुंबईत कोण ओळखतं? त्यांचं नाव निघतं ते बहुतेक वेळा या पुस्तकामुळे, रमाबाईंनी तरुणांना शिकवू नये असं ते म्हणाले होते म्हणून.